सामाईक मजकुराची मालकी

भजनाची वही ज्यांनी हाताळली आहे त्यांना एक खूण चांगली ठाऊक असते. ध्रुवपद एकदा पूर्ण लिहिलेले असते आणि पुढच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी '॥धृ॥' एवढेच लिहिलेले असते. गाणारा कडवे संपवतो, ते अक्षर पाहतो आणि ध्रुवपदाकडे परततो. लिहिणाऱ्याने एकदा लिहिले, गाणाऱ्याने दहा वेळा म्हटले. ध्रुवपदातला एखादा शब्द चुकला असेल, तर तो एका जागी सुधारला की दहाही वेळा सुधारतो. आमच्या आजच्या विषयाचा गाभा त्या एका अक्षरात आहे.

विषय असा की, यंत्रांची जी पुस्तके असतात, ज्यांना कारखान्यात मॅन्युअल म्हणतात, त्यांत एकच मजकूर अनेक ठिकाणी लागतो. त्याची व्यवस्था कशी ठेवावी? आणि 'अमुक पान पहा' असे एका पुस्तकातून दुसऱ्याकडे बोट दाखवले, तर ते बोट वर्षानुवर्षे खऱ्या जागेकडेच कसे राहील? विषय रुक्ष आहे, हे आम्हांस मान्य आहे. शिवाय आम्ही दहावीपुढे शाळेत गेलेलो नाही. जे शिकलो ते रात्रपाळीनंतर आणि संघटनेच्या कचेरीत. पगार, बोनस, महागाईभत्ता हे आमचे नेहमीचे विषय. पुस्तकांची पाने तपासणे हे तुमचे काम कधीपासून झाले, असे आमचे स्नेही विचारतात. ते कधीपासून झाले, तेच आधी सांगतो.

कोपरगावच्या मंडळींना साखर कारखाना समजावून सांगण्याची गरज नाही. गौतमनगर, सहजानंदनगर, साकरवाडी ही नावे येथे लहान मुलालाही माहीत आहेत. तरी पुढची गोष्ट नीट कळावी म्हणून एका यंत्राविषयी सांगतो. उसाचा रस स्वच्छ झाल्यावर तो आटवावा लागतो. त्यासाठी मोठाली उभी बंद भांडी ओळीने बसवलेली असतात. त्यांना इव्हॅपोरेटर म्हणतात आणि एकेका भांड्याला आम्ही 'बॉडी' म्हणतो. भांड्याच्या खालच्या भागात शेकडो उभ्या नळ्या असतात. नळ्यांच्या आतून रस उकळतो, बाहेरून वाफ फिरते. हंगामात नळ्यांत कडक थर धरतो. गळीत संपल्यावर माणूस भांड्यात उतरतो, नळ्या घासतो आणि खराब झालेल्या नळ्या काढून नव्या बसवतो.

आम्ही तरुण असतानाची गोष्ट. कारखान्याचे नाव सांगणार नाही. तो या तालुक्यातला की बाहेरचा, हेही कोणी विचारू नये. हंगाम सुरू होण्याआधीचे दिवस होते. पॉवर हाऊसमध्ये वाफेच्या मुख्य नळाची चाचणी चालली होती. बॉयलिंग हाऊसमध्ये पहिल्या बॉडीत एक फिटर उतरलेला होता. काही नळ्या काढलेल्या, त्यांची भोके उघडी. पॉवर हाऊसच्या माणसाने आपल्या पुस्तकात होते तसेच सगळे केले. व्हॉल्व्ह बंद असल्याचे विचारले, 'बंद आहे' असा निरोप आला, त्याने वाफ सोडली. व्हॉल्व्ह बंद होता. पण जुना होता आणि गळत होता. उघड्या भोकांतून वाफ वर आली. वरच्या माणसांनी फिटरला ओढून काढले, म्हणून तो वाचला. पाठ आणि एक हात मात्र भाजला. पुढे तो त्या भांड्यात कधी उतरला नाही. गेटवरच्या कामावर गेला आणि तेथूनच निवृत्त झाला.

चौकशी झाली. निष्कर्ष निघाला की, कामगारांनी सूचनांचे पालन केले नाही. आम्ही म्हणालो, कोणत्या सूचनांचे? पुस्तके समोर ठेवा. पुस्तके आली आणि आमच्या संघटनेची तीन माणसे ती घेऊन दोन रात्री बसली. 'बंद भांड्यात माणूस उतरण्यापूर्वी काय करावे' ही एकच सूचना पाच विभागांच्या पाच पुस्तकांत होती, आणि पाचही ठिकाणी वेगळी होती. बॉयलिंग हाऊसच्या पुस्तकात ती सर्वांत नवी होती. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागणार नाही, फ्लँजच्या मध्ये आंधळी तबकडी, आमच्या भाषेत डमी, टाकावी. व्हॉल्व्हला कुलूप लावून किल्ली आत उतरणाऱ्याजवळ ठेवावी, असे तेथे ठरले होते. ते परिपत्रक पॉवर हाऊसच्या पुस्तकात उतरलेच नव्हते. तेथे अजून 'निरोप आल्यावर वाफ सोडावी' एवढेच होते.

मग बॉयलिंग हाऊसच्या लोकांनी तरी डमी का टाकली नाही? त्यांच्या पुस्तकात लिहिले होते, 'डमी टाकण्याची रीत : पान ३७ पहा.' आम्ही पान ३७ उघडले. तेथे वंगणाचा तक्ता होता. पुस्तक नव्याने छापताना मध्ये चार पाने वाढली होती, रीत पान ४१ वर गेली होती, आणि 'पान ३७ पहा' हे शब्द जागच्या जागी राहिले होते. एक म्हातारा फिटर आम्हांला म्हणाला, "भाऊ, मी पाहिलं होतं पान. तिथं ग्रीसचं लिहिलेलं. मला वाटलं, डमीला ग्रीस लावायचं असेल." त्या वेळी कोणी हसले नाही.

या प्रकरणात आळशी कोणीच नव्हते, हे लक्षात घ्यावे. पॉवर हाऊसच्या माणसाने आपले पुस्तक पाळले. फिटरने पान उघडून पाहिले. परिपत्रक काढणाऱ्या साहेबांनी परिपत्रक काढले. दोष होता तो पुस्तकांच्या रचनेत. पण चौकशीच्या कागदावर रचनेला निलंबित करता येत नाही. माणसाला करता येते. म्हणून हा प्रश्न संघटनेचा आहे, असे आम्ही मानतो. जो नियम कामगाराला शोधून सापडू शकत नाही, तो मोडल्याबद्दल त्याला शिक्षा होता कामा नये.

आता दोष नेमका कोणता, ते पाहू. दोष दोन होते. पहिला, एकाच मजकुराच्या पाच नकला झाल्या आणि प्रत्येक नक्कल आपापल्या वाटेने गेली. दुसरा, बोट दाखवणारी खूण जागेला बांधलेली होती, वस्तूला नव्हे. पान ३७ ही जागा आहे. जागा हलते.

पहिला दोष आपल्या शेतांत रोज दिसतो. सामाईक विहिरीचे पाणी चौघे भाऊ घेतात. पण गाळ काढायची वेळ आली की प्रत्येकाला वाटते, दुसरा काढील. सामाईक मजकुराचे तसेच होते. तो सर्वांच्या पुस्तकात असतो आणि कोणाच्याच नावावर नसतो. दुसऱ्या दोषावरचा उपायही याच मातीत सापडतो. तो आमच्या बापजाद्यांच्या कागदांत आहे.

सातबाऱ्याचा उतारा पाहा. खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. जमीन या माणसाच्या नावावर कशी आली, खरेदीने की वारसाने, हे सातबाऱ्यावर सगळे लिहीत बसत नाहीत. ते फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, एकदाच लिहिलेले असते. सातबारा तिकडे फक्त बोट दाखवतो. आणि बोट पानाकडे नसते, नोंदीच्या क्रमांकाकडे असते. वही कितव्या पानावर उघडते याच्याशी त्या क्रमांकाला कर्तव्य नाही. तिसरी गोष्ट, नाव बदलले तर जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत. त्याला कंस करतात आणि नव्या नावापुढे नव्या फेरफाराचा आकडा घालतात. आधी काय होते, मग काय झाले आणि कशामुळे झाले, हे तिन्ही एका कागदावर कळते. आपल्या बाजारपेठेतले दुकानदारही हेच करीत आले. रोजकीर्दीत रकमेच्या शेजारी 'खा. पा.' असा रकाना असतो, म्हणजे खाते पान. ही रक्कम खतावणीत कोठे गेली ते तो सांगतो. तेथे पानाचा आकडा चालतो, कारण खतावणी वर्षभर बांधलेली राहते. तिच्यात मध्येच चार पाने घुसत नाहीत. यंत्राचे पुस्तक मात्र वाढते, घटते, पुन्हा छापले जाते. म्हणून त्याला खतावणीची रीत लावता येत नाही, फेरफाराची लावावी लागते.

पहिल्या दोषावरचा, म्हणजे नकलांच्या गोंधळावरचा, उत्तम नमुना आपल्या स्टेशनवर आहे. दौंड–मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि कोपरगाव स्टेशन त्याच मार्गावर आहे. गाडी चालवण्याचे आणि सिग्नलचे मूळ नियम सबंध देशासाठी एकच आहेत. सध्याच्या संहितेला 'सामान्य नियम, १९७६' म्हणतात. पण घाटातल्या मार्गाला लागते ते सपाटीच्या मार्गाला लागत नाही. म्हणून प्रत्येक विभागीय रेल्वे, जशी आपली मध्य रेल्वे, आपले सहायक नियम करते. ते वेगळ्या पुस्तकात कोठेतरी ठेवत नाहीत. ज्या सामान्य नियमाला ते जोडलेले, त्याच्या खाली, त्याचाच क्रमांक घेऊन ते छापतात. वाचणाऱ्याला मूळ आणि पुरवणी एका नजरेत दिसते, आणि कोणते वाक्य कोणाच्या अधिकारातले आहे हेही दिसते. त्याच्या खाली तिसरी पायरी असते, प्रत्येक स्टेशनचे स्वतःचे संचालन नियम. खालच्या पायरीने वरच्या पायरीच्या विरुद्ध जाता येत नाही.

नियम बदलला की क्रमांक घातलेली दुरुस्ती चिठ्ठी निघते. आपली प्रत दुरुस्त्यांसह ठेवणे हे ज्याच्याकडे प्रत आहे त्या नोकराचे कर्तव्य असते. स्टेशनचे नियम वाचले आणि समजले, अशी सही त्याला नोंदवहीत करावी लागते. चिठ्ठ्यांना ओळीने क्रमांक असल्यामुळे मधली एखादी आली नाही, हे आपोआप कळते. पाचवी आणि सातवी हातात असली की सहावी मागता येते. आमच्या कारखान्यातल्या परिपत्रकाला असा क्रमांक असता, तर पॉवर हाऊसच्या माणसाला आपल्याकडे काहीतरी आले नाही एवढे तरी समजले असते.

यावर कोणी हुशार श्रोता म्हणेल, मग सोपे झाले! सूचना एकदाच लिहावी, एका मोठ्या पुस्तकात ठेवावी, आणि बाकी पाच पुस्तकांत 'मोठे पुस्तक, सूचना ७ पहा' एवढे लिहावे. आम्हीही प्रथम असेच म्हणालो होतो, आणि चुकलो होतो.

थोडक्यात लिहिण्याची कला आपल्या देशाइतकी कोणी साधली नसेल. पाणिनीच्या व्याकरणात सुमारे चार हजार सूत्रे आहेत. आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत पुन्हा लिहीत नाहीत; तो तेथे चालत आला आहे असे मानतात. त्याला अनुवृत्ती म्हणतात. हे आम्हांला एका शास्त्रीबुवांनी समजावून सांगितले, तेव्हा आम्ही त्यांना विचारले, विद्यार्थ्याला मागचा शब्द आठवतो कसा? ते म्हणाले, त्याला सगळे पाठ असते. येथेच भेद आहे. पाणिनीच्या विद्यार्थ्याला सूत्रे पाठ असतात, भजन म्हणणाऱ्याला ध्रुवपद पाठ असते. म्हणून त्यांना एक खूण पुरते. बॉयलरसमोरच्या माणसाचे हात तेलकट असतात, शेजारी यंत्रांचा आवाज असतो, आणि मोठे पुस्तक साहेबांच्या कपाटात कुलपात असते. त्याला 'पहा' म्हणणे म्हणजे तहानलेल्याला नदीचा पत्ता देण्यासारखे आहे.

तेव्हा आम्ही जे ठरवले ते असे. सामाईक सूचना लिहायची एकदाच, एका जागी, आणि तिला कायमचे नाव व क्रमांक द्यायचा. आम्ही सा-१, सा-२ असे क्रमांक दिले. भांड्यात उतरण्याची सूचना सा-७ झाली. पण पाचही पुस्तकांत ती पूर्ण छापायची, शब्दाला शब्द तीच, आणि खाली 'सा-७' व बदलाची तारीख. लिहिणाऱ्याच्या टेबलावर मजकूर एक. वाचणाऱ्याच्या हातात मजकूर पुरा. कोणत्या पुस्तकात स्वतः काही बदलायचे नाही. बदल हवा असेल तर मूळ सा-७ मध्ये करायचा, मग तो पाचही ठिकाणी जाईल.

मग 'पहा' ही खूण कोठे वापरावी? आम्ही कसोटी अशी लावली की, जे न वाचता पुढे गेले तर माणसाला इजा होईल, ते तेथेच पूर्ण लिहावे. जे न वाचल्याने फार तर वेळ जाईल, जसे सुट्या भागाचा क्रमांक किंवा तेलाचा प्रकार, तेथे 'पहा' चालेल. आणि खूण असेल तेथे पानाचा आकडा नको. सूचनेचे नाव व क्रमांक हवा.

दुसरी वही आम्ही उलट बाजूने ठेवली. सा-७ कोणकोणत्या पुस्तकांत आहे, तिची यादी. पुस्तकातून सूचनेकडे बोट सगळेच दाखवतात. सूचनेकडून पुस्तकांकडे बोट दाखवायला लोक विसरतात. पॉवर हाऊसचे पुस्तक राहून गेले, ते अशी यादी नव्हती म्हणून. एका जुन्या हिशेबाच्या वहीत ही यादी मावली. तिला खर्च काही आला नाही. आणखी एक नियम केला : जुने पान जमा केल्याशिवाय नवे पान द्यायचे नाही. नाहीतर दोन्ही पाने पुस्तकात राहतात, आणि घाईत माणूस सवयीचे पान उघडतो.

विभागाविभागांतला फरक कसा सांभाळावा, हा प्रश्न उरलाच होता. सा-७ मध्ये 'वाफेचा व्हॉल्व्ह बंद करावा' असे लिहिले, पण प्रत्येक विभागाचा व्हॉल्व्ह वेगळा. तेथे आम्ही रेल्वेची रीत घेतली. सामाईक वाक्याच्या खाली विभागाची ओळ : 'या विभागात : व्हॉल्व्ह क्रमांक अमुक, जागा अमुक.' ती ओळ विभागाने लिहायची. वरचे वाक्य त्याने हलवायचे नाही.

येथपर्यंत सगळे ठीक झाले, आणि मग आम्हांला जोर चढला. दिसेल ते वाक्य सामाईक करू लागलो. 'काही बिघाड दिसल्यास यंत्र ताबडतोब बंद करावे' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पुस्तकात होते. आम्ही म्हटले, हे सा-१२. कागद छपाईला जाणार, एवढ्यात बॉयलरवरचे एक फायरमन कचेरीत आले. म्हणाले, "साहेब, हे वाक्य माझ्या पुस्तकात नको. खाली भट्टी पेटलेली असताना मी पाण्याचा पंप बंद केला, तर तुमची संघटना मला हार घालायला येईल, पण कोठे ते मी सांगत नाही." त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. भट्टी धगधगत असताना बॉयलरचे पाणी थांबवणे म्हणजे नळ्या जाळून घेणे, किंवा त्याहून वाईट. पुढे क्रिस्टलायझरवरच्या माणसानेही सांगितले की, साखरेचा पाक थंड होत असताना ढवळणारी पाती उगाच थांबवली, तर पाक घट्ट बसतो आणि पुन्हा सुरू करताना पातीच तुटतात. चरक्यासाठी आणि सेंट्रिफ्युगलसाठी जे वाक्य योग्य, तेच दुसरीकडे घातक होते. शब्द सारखे होते, गोष्ट एक नव्हती.

त्या दिवशी आम्ही शिकलो की, दोन मजकूर सारखे दिसतात एवढ्याने ते सामाईक होत नाहीत. उद्या एक बदलायचा झाला, तर दुसराही त्याच कारणाने बदलेल काय, हे विचारावे. 'होय' असे उत्तर आले तरच एक करावे. नाहीतर त्यांना शेजारी राहू द्यावे. शेजारी एकसारखा सदरा घालतात म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. आणि हे ठरवण्याचा अधिकार एकट्या कचेरीचा नाही. ज्या माणसाच्या पुस्तकात वाक्य जाणार, त्याला ते आधी वाचून दाखवले पाहिजे. सा-१२ वाचून दाखवले नसते, तर आम्ही स्वतःच्या हाताने एक अपघात छापला असता.

ही केवळ आमच्या एका कारखान्याची कथा असती, तर येथे उभे राहून सांगितली नसती. उत्तर समुद्रात, स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर, तेल व वायू काढणारा पायपर अल्फा नावाचा फलाट होता. तेथे दोन पंप होते, अ आणि ब. ६ जुलै १९८८ रोजी दिवसपाळीत अ पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि उघड्या नळीवर झाकण बसवले होते. काम पाळीत पुरे झाले नाही. त्याच पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचाही परवाना निघालेला होता, पण ते काम सुरूच झाले नव्हते. म्हणजे एका पंपासाठी दोन परवाने, आणि एका परवान्यावर दुसऱ्याचा उल्लेख नाही. रात्री ब पंप बंद पडला. रात्रपाळीच्या माणसांनी अ पंपाच्या दुरुस्तीचा परवाना पाहिला; काम सुरू झाले नाही, तर पंप चालवता येईल असे त्यांना वाटले. व्हॉल्व्ह जागेवर नाही, हे सांगणारा कागद त्यांच्या नजरेस आला नाही. पंप सुरू झाला, वायू बाहेर पडला, स्फोट झाला. १६७ माणसे मेली. लॉर्ड कलन यांचा चौकशी अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात परवान्यांच्या या पद्धतीवर कडक टीका आहे. एका कागदावर 'दुसराही कागद पहा' असे तीन शब्द नव्हते. 'पहा' या खुणेची किंमत किती, हे त्या रात्रीने दाखवले.

जगात याचा विचार करणारे लोक आहेत. अमेरिकेतील हवाई वाहतूक कंपन्यांच्या संघटनेने १९५६ साली विमानांच्या पुस्तकांसाठी प्रकरणांचे क्रमांक ठरवून दिले. विमान कोणत्याही कंपनीचे असो, चाकांच्या व्यवस्थेची माहिती प्रकरण ३२ मध्येच. मेकॅनिक एका विमानावरून दुसऱ्यावर गेला तरी त्याचे बोट त्याच आकड्यावर जाते. पुढे संगणक आले. आय. बी. एम. कंपनीत 'डिटा' नावाची पद्धत तयार झाली, ती २००१ मध्ये जाहीर झाली आणि २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तीत प्रत्येक विषयाचा तुकडा वेगळा ठेवतात; पुस्तकात त्याचा फक्त निर्देश असतो, आणि छापताना संगणक तो तुकडा मुळातून आणून पूर्ण बसवतो. म्हणजे आमची सा-७ चीच रीत, फक्त हाताऐवजी यंत्राने. निर्देश केलेला तुकडा सापडला नाही, तर संगणक तशी तक्रार करतो. हे चांगलेच आहे. पण सा-१२ सारखे वाक्य सामाईक करावे की नाही, हे संगणक सांगत नाही. ते फायरमनला विचारावे लागते.

शेवटी कायद्याविषयी दोन शब्द, कारण ही अडचण आता आपल्या सर्वांच्या दारात आली आहे. लबाड माणसाला आपण 'चारशेवीस' म्हणत आलो. तो आकडा भारतीय दंड संहितेतील कलमाचा. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. बोलण्यातला चारशेवीस राहील, पण तक्रारअर्जातले कलम बदलले. तसेच १९४८ च्या कारखाने कायद्याचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि तो कायदा तिच्यात विलीन झाला. कारखान्यांच्या भिंतींवर आणि पुस्तकांत वर्षानुवर्षे 'कलम २१ : यंत्रांना कुंपण', 'कलम ३६ : विषारी वायूपासून खबरदारी' असे आकडे लिहिलेले आहेत. ती बोटे आता जुन्या पान ३७ कडे वळलेली आहेत.

कायदा करणाऱ्यांना ही भीती पूर्वीच दिसली होती. १८९७ च्या साधारण वाक्खंड अधिनियमात कलम ८ असे सांगते की, एखादा कायदा रद्द होऊन त्याचीच तरतूद नव्या कायद्यात आली, तर इतर कायद्यांत व दस्तऐवजांत जुन्या तरतुदीचा जो निर्देश असेल, तो, वेगळा हेतू दिसत नसेल तर, नव्या तरतुदीचा समजावा. न्यायालयात हे कलम जुन्या खुणेला आधार देते. पण भांड्यात उतरणाऱ्या माणसाला असा आधार देणारे कलम नाही. त्याने चुकीचे पान उघडले, तर योग्य पान समजून घेणारा तेथे कोणी न्यायाधीश बसलेला नसतो. १९४८ च्या कायद्याने कारखान्यातील सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्याचे बंधन घातले होते. समजेल अशी भाषा हवीच. पण त्या भाषेत दाखवलेले बोट योग्य जागेकडे आहे की नाही, हे कोणीतरी नेमाने तपासले पाहिजे.

तेव्हा आमचे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक सामाईक सूचनेला एक कायमचा क्रमांक असावा आणि एक मालक असावा. मालक म्हणजे ती बदलली की कोणाकोणाला कळवायचे त्याची यादी बाळगणारा माणूस. त्या यादीवर कामगारांच्या प्रतिनिधीची सही असावी. आणि सूचना मोडल्याचा आरोप ठेवण्यापूर्वी, ती सूचना त्या कामगाराच्या हातातल्या पुस्तकात त्या दिवशी होती काय, हे चौकशीत प्रथम पाहावे. आमच्या त्या फिटरच्या चौकशीत हा प्रश्न आम्ही विचारला, तेव्हा साहेबांनी स्वतः पान ३७ उघडले, बराच वेळ पाहिले आणि आरोपपत्र मागे घेतले. भाजलेला हात मात्र मागे घेता आला नाही.

आपल्यापैकी सगळेच कारखान्यात नाहीत. पण पतसंस्थेचे पोटनियम, शाळेची नियमावली, गृहसंस्थेचा ठराव, दवाखान्यातला तक्ता, यांपैकी काहीतरी प्रत्येकाच्या हाताखाली असेल. उद्या सकाळी ते काढावे, त्यात जेथे 'पहा' लिहिले असेल तेथे बोट ठेवावे, आणि सांगितलेली जागा खरोखर उघडून पाहावी. पहिलेच बोट वंगणाच्या तक्त्याकडे निघाले, तर आम्हांला येऊन सांगावे. आमच्या कचेरीत ती जुनी हिशेबाची वही अजून आहे, आणि तिच्यात पुष्कळ पाने कोरी आहेत.